वर्षावनाच्या अभ्यासाला शाळा हवी

मध्य आफ्रिकेतील गॅबॉन देशात लोपे नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या वर्षावनात संशोधक आणि स्थानिक कर्मचारी १९८६ पासून एक साधे काम नेमाने करत आले. दर महिन्याला ठरलेल्या झाडांखाली जायचे, दुर्बिणीतून शेंड्याकडे पाहायचे आणि पालवी, फुले, कच्ची व पिकलेली फळे किती आहेत ते लिहून ठेवायचे. २०१८ पर्यंतच्या या नोंदी एकत्र मांडल्या गेल्या, तेव्हा दिसले की त्या जंगलात पिकलेले फळ दृष्टीस पडण्याची शक्यता सरासरी ८१ टक्क्यांनी घटली आहे. फळांवर अवलंबून असलेल्या जंगली हत्तींची शरीरस्थितीही २००८ नंतरच्या दहा वर्षांत ११ टक्क्यांनी खालावली होती. हे निष्कर्ष २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. झाडे जागच्या जागी उभी होती, जंगल संरक्षित होते आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते हिरवेगारच दिसत होते. आतून ते उपाशी होत चालले आहे हे कळले, कारण तीन दशके कोणीतरी त्याच झाडांकडे पुन्हा पुन्हा पाहत राहिले.

वर्षावनाच्या अभ्यासात सर्वांत दुर्मीळ गोष्ट कोणती असेल, तर ती हा नेम. पीएच.डी.चे काम चार-पाच वर्षांत संपते. संशोधन प्रकल्पाचा निधी बहुधा तीन वर्षांचा असतो. तो संपला की तंबू उठतो आणि नोंदींची साखळी तुटते. शाळा मात्र त्याच गावात, त्याच डोंगराच्या पायथ्याशी पन्नास-पन्नास वर्षे उभी असते आणि दर जूनमध्ये तिच्याकडे नवी मुले येतात. माध्यमिक शाळेतल्या मुलांना वर्षावनाच्या संशोधनात घ्यायचे असेल, तर शाळेच्या या टिकून राहण्याचाच उपयोग करून घ्यावा, असे माझे म्हणणे आहे. एका दिवसाची निसर्गसहल, पर्यावरण दिनाची फेरी, घोषवाक्यांचे फलक यांतून मुलांना आनंद मिळतो आणि तो मिळायलाच हवा. पण त्यातून पुढच्या वर्षी वापरता येईल असे ज्ञान मागे उरत नाही. तिलारीपासून आंबोली, राधानगरी, कोयनेपर्यंत आणि गोव्यातल्या सत्तरीपर्यंत सह्याद्रीच्या सदाहरित आणि निमसदाहरित जंगलाला लागून असलेल्या शाळांनी ‘दरवर्षी, त्याच जागी, त्याच पद्धतीने’ एवढे एकच सूत्र धरले, तर त्यांच्या हातून असे काम होईल जे कोणत्याही विद्यापीठाला एकट्याने जमणारे नाही.

जंगलाच्या इतक्या जवळ राहून नवे काय सापडणार, अशी शंका कोणी घेईल. त्यासाठी आंबोलीचेच उदाहरण पुरेसे आहे. हिरण्यकेशीच्या देवळापाशी असलेल्या कुंडात पिढ्यान्‌पिढ्या लोक पाय धूत आले. त्या पाण्यातला एक छोटा मासा विज्ञानाला अज्ञात होता, हे २०२० मध्ये कळले. ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे त्याचे नामकरण झाले आणि पुढच्याच वर्षी ती जागा राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आंबोलीच्या परिसरापुरताच आढळणारा, अतिसंकटग्रस्त ठरलेला आंबोली भेकही २००९ मध्येच स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदवला गेला. ही कामे तज्ज्ञांची आहेत आणि नवी प्रजाती ठरवणे हे नववीतल्या मुलांकडून अपेक्षितही नाही. पण तज्ज्ञ शोधतात ती जागा मुलांच्या घराच्या मागल्या दारी आहे, एवढे तरी यावरून पटावे.

मग मुलांना नेमके काय काम द्यावे? सुरुवात झाडांपासून करावी, कारण झाड पळत नाही, चावत नाही आणि पुढच्या आठवड्यातही तिथेच सापडते. झाडांच्या ऋतुचक्राच्या अशा नोंदी शाळकरी मुले ठेवू शकतात, हे भारतात सिद्ध झालेले आहे. ‘सीझनवॉच’ हा उपक्रम २०१० पासून चालू आहे. त्यात भाग घेणारी मुले आणि शिक्षक आपापले एक झाड ठरवून घेतात आणि दर आठवड्याला त्याची पाने, फुले, फळे ‘नाही, थोडी, खूप’ अशा सोप्या मोजणीत नोंदवतात. केरळमधल्या शाळांनी हे काम इतके मनावर घेतले, की या उपक्रमाच्या नोंदींचा मोठा वाटा त्या एका राज्याचा आहे. आपल्याकडच्या शाळांना पद्धत नव्याने शोधण्याची गरज नाही. तीच घ्यावी, म्हणजे आपल्या नोंदी इतरांच्या नोंदींशी ताडून पाहता येतील.

झाडे निवडताना मात्र घाई नको. शाळेच्या आवारातला गुलमोहोर सोयीचा असला तरी तो वर्षावनाबद्दल काही सांगणार नाही. जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा, बेहडा, रातांबा, सुरंगी, उंबर अशी गावच्या जंगलातली पाच प्रकारची झाडे घ्यावीत. प्रत्येक प्रकारची निदान पाच झाडे असावीत, कारण एकट्या झाडाच्या लहरीवरून काही ठरवता येत नाही. रातांब्याचेच पाहा. यात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. मुलांनी नेमके नर झाड निवडले, तर ते दरवर्षी फुलेल आणि फळाच्या रकान्यात कायम शून्य पडेल. ज्याला हे ठाऊक नाही तो पाच वर्षांनी ‘इथल्या रातांब्यांची फळधारणा बंद झाली’ असा निष्कर्ष काढून मोकळा होईल. म्हणून पहिल्याच वर्षी फुले हातात घेऊन पाहावीत, झाड नर की मादी ते वहीत लिहावे, आणि गावातल्या जाणत्या बाईमाणसांना विचारावे. आगळ आणि सोले करणाऱ्या घरात कोणते झाड धरते आणि कोणते नाही याची माहिती तोंडपाठ असते. उंबराचा प्रकार आणखी वेगळा. त्याची फुले फळाच्या आतच असतात, त्यामुळे फुलांचा रकाना तिथे निरुपयोगी ठरतो. पण उंबर पिकला की धनेश, हरियल, तांबट, शेकरू यांपैकी कोण कोण येते याची यादी करण्यासारखी दुसरी संधी नाही. प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा. त्यासाठी खिळा ठोकू नये. सुतळीने सैलसर बांधलेली पत्र्याची पट्टी चालते, आणि ती वर्षातून एकदा सैल करावी लागते.

दुसरे काम पावसाचे. वर्षावनाची नाडी पाऊस, आणि सह्याद्रीत पाच किलोमीटरवर पावसाचा आकडा बदलतो, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणच्या मोजणीवरून डोंगरावरच्या गावाचा अंदाज येत नाही. बाजारातला पर्जन्यमापक घ्यावा किंवा सरळ काठाचे नरसाळे आणि बाटली घेऊन शाळेतच बनवावा. इथे गणिताच्या शिक्षकांनी पुढे यावे. नरसाळ्याचा व्यास २० सेंटिमीटर असेल तर त्याचे तोंड ३१४ चौरस सेंटिमीटर होते आणि एक मिलिमीटर पावसाला सुमारे ३१ मिलिलिटर पाणी जमते. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या आंबोलीसारख्या ठिकाणी एका दिवसात ३०० मिलिमीटर कोसळला, तर साडेनऊ लिटरच्या जवळपास पाणी होईल; बाटली मध्यरात्रीच वाहू लागेल आणि वर्षातला सर्वांत महत्त्वाचा आकडा हातचा जाईल. दहा सेंटिमीटरचे नरसाळे घेतले तर तेवढ्याच पावसाला सव्वादोन ते अडीच लिटर पाणी येते आणि पाच लिटरचा कॅन पुरतो. हवामान खाते सकाळी साडेआठ वाजता चोवीस तासांचा पाऊस मोजते. शाळा साडेदहाला भरत असली तरी जवळ राहणाऱ्या मुलामुलींनी पाळीपाळीने साडेआठची वेळ सांभाळावी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. सोबत किमान आणि कमाल तापमान दाखवणारा एक तापमापक सावलीत टांगावा. लोपेमध्ये काही झाडांना फुलोरा यायला रात्रीचे तापमान १९ अंश सेल्सिअसखाली उतरावे लागते, असे १९९३ मध्येच तिथल्या संशोधकांनी मांडले होते. आपल्या अंजनीचे, जांभळाचे असे काही बंधन आहे का, हे त्या त्या गावच्या नोंदींशिवाय कसे कळणार?

तिसरे काम वर्षातून एकदाच करायचे, खोडाचा घेर मोजण्याचे. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर, उतारावरच्या झाडाला वरच्या बाजूने, न ताणणाऱ्या टेपने मोजावे आणि जिथे मोजले तिथे रंगाची बारीक रेघ ओढावी. मोजणी दरवर्षी जानेवारीतच करावी; पावसाळ्यात साल पाणी पिऊन फुगते आणि नसलेली वाढ दिसते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की मुलांच्या नोंदींवर भरवसा कसा ठेवायचा? अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर खेकड्यांच्या पाहणीत सुमारे एक हजार स्वयंसेवक सहभागी झाले होते आणि त्यांची अचूकता तपासली गेली. ती पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. स्थानिक खेकडा कोणता आणि बाहेरून आलेला कोणता, हे तिसरीतल्या मुलांनी ८० टक्क्यांहून अधिक वेळा आणि सातवीतल्या मुलांनी ९५ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ओळखले. पण खेकडा नर की मादी हे ओळखताना सातवीतल्या मुलांची अचूकता ८० टक्क्यांच्या पुढे गेली एवढेच. ९५ टक्के गाठायला निदान दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण लागले. जागा समुद्रकिनाऱ्याची असली तरी यातून जंगलासाठी घ्यायचा धडा स्पष्ट आहे. नोंद भरवशाची होते की नाही हे वयाइतकेच प्रश्नाच्या सोपेपणावर ठरते. ‘या फांदीवर फळ आहे का?’ हा प्रश्न आठवीतल्या मुलीला झेपतो. ‘हा बेडूक कोणत्या प्रजातीचा?’ हा प्रश्न पदवीधरालाही चकवतो. तो शाळेने घेऊच नये, किंवा छायाचित्र व आवाज नोंदवून तज्ज्ञावर सोपवावा.

भरवसा वाढवण्याचे काही बिनखर्चिक उपाय आहेत आणि ते पहिल्या दिवसापासून पाळले तरच उपयोगाचे. प्रत्येक झाड दोघांनी पाहावे, एकमेकांशी न बोलता लिहावे आणि मग ताडून पाहावे. किती वेळा मतभेद झाला हा आकडाही वहीत ठेवावा. पुढे कोणी या नोंदी वापरणार असेल तर तो पहिल्यांदा हाच आकडा विचारील. ‘थोडी’ आणि ‘खूप’ यांची सीमा सुरुवातीलाच ठरवावी, उदाहरणार्थ झाडाच्या एक तृतीयांश भागापर्यंत थोडी, त्यापुढे खूप. ‘कळत नाही’ असे लिहायला मुलांना मोकळीक हवी, नाहीतर मार्कांच्या सवयीने ती काहीतरी उत्तर देतातच. आणि शून्य व रिकामी जागा यांतला फरक मुलांच्या मनावर ठसवला पाहिजे. फळ नव्हते म्हणून शून्य. पाहायला गेलो नाही म्हणून रिकामी जागा. वेळ चुकली म्हणून नंतर अंदाजाने रकाना भरणे हा या कामातला एकमेव गुन्हा मानावा, आणि प्रामाणिकपणे रिकाम्या सोडलेल्या जागेबद्दल कुणालाही रागावू नये. लेखन पेन्सिलीने करावे. पावसात शाईचे काय होते ते कोकणात सांगायला नको.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो: अभ्यास, क्लास, दहावीचे वर्ष, यात जंगल कुठे बसवायचे? आठवी, नववी आणि अकरावी हे वर्ग त्यासाठी योग्य आहेत, आणि एका जोडीला आठवड्यातून एकदा अर्धा तास पुरतो. प्रकल्प तर मुलांना तसेही करावे लागतात. दुकानातून चित्रे आणून चिकटवलेल्या वहीऐवजी स्वतः वर्षभर जमवलेल्या आकड्यांचा आलेख काढला, तर विज्ञान, गणित, भूगोल आणि भाषा हे चारही विषय त्यात येतात. खरी अडचण वेगळीच आहे आणि तिची चर्चा होत नाही. सह्याद्रीतली बरीच झाडे फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांत फुलतात आणि पहिल्या पावसाच्या सुमारास पिकतात. म्हणजे जंगलात सर्वांत जास्त घडते तेव्हा शाळेत परीक्षा तरी असते, नाहीतर उन्हाळी सुट्टी. यावर उपाय वाडीवार वाटणीचा आहे. झाडे शाळेजवळच न घेता मुलांच्या वाड्यांच्या वाटेवर घ्यावीत, आणि ज्या वाडीत झाड त्या वाडीतल्या मुलांकडे सुट्टीतली जबाबदारी द्यावी. सुट्टीत मामाकडे गेलेल्या मुलाची जागा धाकटी बहीण घेऊ शकते. आठवीतली मुले नववीत गेली की जून-जुलै हे दोन महिने त्यांनी नव्या आठवीबरोबर जोडीने फिरावे आणि मगच वही सोपवावी. शिक्षक बदलले, निवृत्त झाले म्हणून काम थांबू नये, यासाठी वहीच्या पहिल्या चार पानांवर झाडांचा नकाशा, व्याख्या आणि पद्धत सविस्तर लिहिलेली असावी.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो आक्षेप न मानता पूर्वअट मानावी. या कामासाठी घनदाट जंगलात शिरण्याची गरजच नाही. पाणंद, देवराईची कड, वहाळाकाठची वाट आणि गावाचा रस्ता एवढ्यात भरपूर झाडे मिळतात. एकट्याने जायचे नाही, अंधारात जायचे नाही, मोठ्या पावसात वहाळ ओलांडायचा नाही. तिलारी खोऱ्यात हत्तींचा वावर असतो. तिथे त्या दिवसाची खबर वनरक्षकाकडून घेतल्याशिवाय बाहेर पडू नये. पालापाचोळ्यात हात घालू नये, कारण फुरसे आणि चापडा हे दोन्ही विषारी साप दिसत नाहीत तोवरच धोकादायक असतात. जळवांचा बाऊ करण्याचे कारण नाही, गोचिडीचा मात्र जरूर करावा. सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि हा आजार गोचिडीच्या चाव्यातून, मुख्यतः डिसेंबर ते मे या काळात पसरतो. ज्या गावात त्याचा प्रादुर्भाव आहे किंवा जवळपास माकडे मेलेली आढळली आहेत, तिथे आरोग्य केंद्राच्या सल्ल्याशिवाय या महिन्यांत मुलांना जंगलाच्या कडेलाही नेऊ नये. त्या नोंदी रिकाम्या राहिल्या तरी चालतील. अन्यत्र पूर्ण बाह्यांचे कपडे, मोज्यात खोचलेली पँट आणि घरी गेल्यावर गरम पाण्याने आंघोळ हा नियम करावा. पालकांची लेखी संमती घ्यावी. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात पाऊल टाकायचे असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि तिथून पान, बी, बेडूक, काहीही उचलता येत नाही. खासगी जमिनीवर मालकाला, देवराईत गावकऱ्यांना विचारावे. बेडकांना तर कुठेच हात लावू नये. त्यांना मारणारी कायट्रिड बुरशी उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवर सापडलेली आहे, आणि ती माणसाच्या हातांनी व चिखलाने भरलेल्या बुटांनी एका वहाळातून दुसऱ्यात जाऊ शकते.

मुले म्हणजे संशोधकांना फुकटचे मजूर मिळाले, असाही एक आक्षेप आहे. बाहेरून कोणी यावे, तक्ते वाटावेत, वर्षभराने भरलेले तक्ते घेऊन जावेत आणि मुलांना प्रशस्तिपत्रक पाठवावे, असे होत असेल तर तो आक्षेप खराच आहे. त्यावर बंधने घालणे शाळेच्या हातात आहे. मूळ वही शाळेतच राहील, बाहेर जाईल ती प्रत. नोंदी कोणी वापरल्या तर शाळेचे नाव दिले जाईल आणि निष्कर्ष मराठीतून मुलांना येऊन सांगितले जातील, हे आधी लेखी ठरवावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एक वर्ष पूर्ण झाल्यावर मुलांना स्वतःचा प्रश्न निवडू द्यावा. पाऊस झाडाखाली कमी पडतो का? मग उघड्यावर एक आणि जांभळाखाली पाच पर्जन्यमापक मांडा. झाडाखाली पाच का? कारण पानांच्या टोकावरून पाणी ठरावीक जागी गळते आणि एकाच मापकाने फसगत होते. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, आणि रानात रात्रीच्या तापमानात किती फरक आहे? रस्त्याकडेचा उंबर आधी पिकतो की देवराईतला? अशा प्रश्नांना राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेचे व्यासपीठ आहे. १९९३ पासून ती परिषद १० ते १७ वर्षांच्या मुलांकडून स्थानिक प्रश्नांवर गटाने केलेले प्रकल्प मागवते. इंग्लंडमधल्या ब्लॅकॉटन गावच्या प्राथमिक शाळेतल्या ८ ते १० वर्षांच्या मुलांचा भुंग्यांवरचा प्रयोग २०१० मध्ये ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात छापून आला होता. प्रश्नही मुलांचा आणि बरेचसे शब्दही मुलांचेच.

सर्वांत कठीण आक्षेप शेवटी घेतो. वह्या भरून जंगल वाचते का? खाण, रस्ता, रबराची लागवड, झाडांचा ठेका यांचे निर्णय मोठी माणसे घेतात, मुलांचे आलेख कोण विचारतो? हे म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि मुलांना आंदोलनाच्या पुढच्या फळीत उभे करणे मला मान्य नाही. पण दुसरा अर्धा भागही पाहावा. कोकणातले पुष्कळसे जंगल सरकारी नाही, खासगी मालकीचे आहे. कोणत्या मळ्यातली झाडे ठेकेदाराला द्यायची हे घराघरांत ठरते, आणि ती घरे याच मुलांची आहेत. मुलाने बापाशी भांडावे असे कोणी सुचवणार नाही; पण आपल्या परड्यातल्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची जोडी दरवर्षी येते हे लिहून ठेवलेले घर ते झाड विकताना एकदा तरी थांबते. दुसरे म्हणजे, जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही अपेक्षित आहे. पुष्कळ ठिकाणी ती नोंदवही एकदाच भरून कपाटात गेली. शाळेने दरवर्षी आपल्या नोंदींचा गोषवारा ग्रामसभेत वाचला आणि त्या नोंदवहीला जोडला, तर गावच्या जंगलाचे काय होते ते कागदावर येते, आणि उद्या एखाद्या प्रकल्पावर सुनावणी झाली तर गावाकडे दाखवण्यासारखे काहीतरी असते. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्याच्या देवराईत रानटी जायफळांची दलदल टिकली, कारण गावाने ती राखली होती. तिला वारसा स्थळाचा दर्जा नंतर मिळाला. कोस्टा रिकातल्या ग्वानाकास्ते संवर्धन क्षेत्रात डॅनियल जॅन्झेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून आसपासच्या शाळांतल्या मुलांना वर्षातून अनेकदा जंगलात नेऊन शिकवण्याचा परिपाठ ठेवला, तो याच विचाराने. पुढे जमीन, मते आणि अधिकार त्यांच्याच हाती जाणार होते.

संवर्धनाचे प्रत्यक्ष काम म्हणून शाळा झाडे लावतात. तेही या नोंदींच्या आधाराने केले तर वाया जाणार नाही. वर्षावनातल्या पुष्कळ झाडांचे बी सुकले की मरते. जांभळाचे बी वाळवून डब्यात ठेवून पुढच्या वर्षी रुजत नाही. कोणते झाड कधी पिकते हे वहीत असेल तर बी त्याच आठवड्यात गोळा करून पिशवीत लावता येते. बी गावातलेच घ्यावे, अर्धे जंगलात राहू द्यावे. लागवड कुठे करायची हे त्याहून महत्त्वाचे. अनमलाईच्या डोंगरात चहा-कॉफीच्या मळ्यांमध्ये अडकलेल्या वर्षावनाच्या तुकड्यांवर स्थानिक झाडांची मिश्र लागवड केली गेली, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की नुसत्या सोडून दिलेल्या तुकड्यांपेक्षा लागवड केलेले तुकडे अधिक चांगले सावरले. मात्र हा फायदा सलग जंगलापासून तुटलेल्या तुकड्यांत अधिक होता. जिथे शेजारी जंगल शाबूत आहे तिथे वणवा आणि कुऱ्हाड थांबवली तर बरेचसे काम पक्षी आणि शेकरूच करतात. सड्यावर तर झाडे लावूच नयेत. ती उघडी जागा पडीक नाही. पावसाळ्यातली रानफुले आणि बेडूक यांचे ते घर आहे. अकेशिया किंवा गिरिपुष्पाची रोपे फुकट मिळतात म्हणून जंगलाच्या कडेला लावणे थांबवावे.

एक सावधगिरी मोबाइलसंबंधी. दुर्मीळ बेडूक, साप, ऑर्किड, खवले मांजर, धनेशाची ढोली यांची नेमकी जागा दाखवणारी छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत. तस्कर आणि हौशी छायाचित्रकार दोघेही ती पाहतात. संकेतस्थळांवर नोंद शाळेच्या खात्यातून, शिक्षकांच्या देखरेखीखाली करावी आणि मुलांची नावे उघड करू नयेत.

सुरुवात लहान ठेवा. या वर्षी पाच प्रकारची पंचवीस झाडे, एक पर्जन्यमापक, एक तापमापक आणि पक्क्या बांधणीची एक वही, एवढेच घ्या. जमले तर शेजारच्या शाळेला तीच पाच झाडे घ्यायला सांगा, म्हणजे दोन गावांची तुलना होईल. पहिली तीन वर्षे कोणताही निष्कर्ष काढू नका, आणि दर महिन्याला वहीच्या पानांची छायाचित्रे काढून दोन ठिकाणी जपा. मुख्याध्यापकांना एकच विनंती आहे: ही वही जनरल रजिस्टरच्या शेजारी, शाळेच्या कायम दप्तरात ठेवा, आणि तुमच्या जागी येणाऱ्याला कार्यभार सोपवताना यादीत तिचेही नाव लिहा.